गाडी वडिलांच्या नावावर, चालवणारा मुलगा. विमा कंपनीने क्लेम नाकारला तर काय करायचं?

सिंधुदुर्गनगरी (ओरोस) : आपल्याकडे गाडी एकाच्या नावावर आणि वापरणारे चार जण, हे घरोघरी आहे. मुंबईच्या चाकरमानी भावाने जुनी गाडी गावी आणून ठेवलेली असते. वडिलांच्या नावावरची गाडी मुलगा चालवतो. वडील वारले तरी कित्येक वर्षं आरसी बुकावर त्यांचंच नाव असतं, आणि विम्याचा हप्ताही त्यांच्याच नावाने भरला जातो. हप्ता भरला म्हणजे सगळं नीट आहे असं घरचे धरून चालतात. मग एखाद्या पावसाळ्यात करूळ किंवा आंबोली घाटात गाडी कठड्याला आपटते आणि कंपनीचं पत्र येतं, 'आपला दावा अमान्य करण्यात येत आहे.'

असं पत्र आलं म्हणजे सगळं संपलं, असं नाही. काही वेळा कंपनीचं बरोबर असतं, पण बऱ्याचदा दाद मागायला जागा असते. कुठल्या वादात काय होतं आणि दाद कुठे मागायची, त्याची ही माहिती. कात्रण करून किंवा मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवावी अशी.

आधी हे समजून घ्या : एका पॉलिसीत तीन वेगळे विमे

गाडीची पॉलिसी एक कागद दिसला तरी आत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. वाद कशाचा आहे हे त्यावरूनच ठरतं.

१) थर्ड पार्टी : आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, मृत्यू झाला किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

२) ओन डॅमेज : आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. हा ऐच्छिक. दोन्ही मिळून जी पॉलिसी असते तिला लोक 'फुल इन्शुरन्स' म्हणतात.

३) मालक-चालकाचा अपघात विमा : २०१८ पासून हा १५ लाखांचा आहे. गाडी ज्याच्या नावावर, तोच चालवत असताना त्याला काही झालं तर हा लागू होतो आणि त्याच्याकडे चालू लायसन असावं लागतं. या तिसऱ्या भागात घरोघरी गैरसमज आहे, त्याबद्दल पुढे.

वाद पहिला : 'गाडी मालक चालवत नव्हता'

एवढ्याच कारणावर नुकसानीचा क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसीतच लिहिलेलं असतं की मालकासह कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते, फक्त तिच्याकडे त्या वेळी चालू लायसन पाहिजे. मुलगा, सून, भाऊ, शेजारी, कोणीही चालेल. शिकाऊ लायसनवालाही चालतो, पण एल बोर्ड आणि बाजूला पक्कं लायसन असलेला माणूस हवा.

खरी अडचण येते ती लायसनच नसलं किंवा मुदत संपलेली असली तर. दारू पिऊन चालवलं असेल तरीही नुकसानभरपाई मिळत नाही.

इथे गावात एक चूक नेहमी होते. पोराकडे लायसन नाही म्हणून 'गाडी काका चालवत होते' असं क्लेम फॉर्मवर लिहायचं. पोलिसांच्या कागदात, दवाखान्याच्या केसपेपरवर किंवा सर्व्हेअरच्या चौकशीत वेगळं नाव निघालं की खोटी माहिती दिली म्हणून सगळाच क्लेम जातो. खोट्या माहितीबद्दल गुन्हा होण्याची भीती वेगळीच. चालवणाऱ्याचं नाव बदलू नये.

चालवणारा अल्पवयीन असेल तर प्रकरण आणखी गंभीर. कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणीही १२ महिन्यांसाठी रद्द होते.

लायसन नसलेल्याने दुसऱ्याला उडवलं तर काय? अशा वेळी जखमीला किंवा मयताच्या घरच्यांना पैसे कंपनीने आधी द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश न्यायालयं देतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालापासून हे चालत आलं आहे. म्हणजे लायसन नसलेल्या मुलाच्या हातात चावी दिली, तर वसुली वडिलांच्या मिळकतीपर्यंत येऊ शकते.

वाद दुसरा : 'पॉलिसीधारक मयत आहे'

घरातल्या गाडीचे क्लेम अडकण्याचं हे मोठं कारण. पॉलिसीत अट असते : एकट्या मालकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी लगेच बंद पडत नाही. मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने, किंवा पॉलिसी त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, ती चालू राहते. त्या मुदतीत वारसांनी पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते किंवा नवी काढायची असते.

आरटीओची मुदतही अशीच आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं, आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची. एमएच-०७ पासिंगच्या गाड्यांसाठी हे काम ओरोसच्या आरटीओ कार्यालयात होतं. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, वारस असल्याचा पुरावा आणि बाकी वारसांची संमती लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा नाहरकत दाखलाही लागतो.

तीन महिन्यांच्या आत अपघात झाला असेल तर वारसांचा क्लेम धडधडीत वैध आहे. नाव बदललं नव्हतं म्हणून कंपनी तो नाकारू शकत नाही. पण दोन-तीन वर्षं मयताच्याच नावाने ऑनलाइन हप्ता भरत राहिलेल्यांची बाजू ओन डॅमेजमध्ये कमकुवत होते, कारण हयात नसलेल्या माणसाबरोबर करार झाला असं कंपनी म्हणते. अशांनी अपघाताची वाट न बघता आधी नाव लावून घ्यावं.

दोन फायद्याच्या गोष्टी : वडिलांच्या नावावर जमलेला नो क्लेम बोनस पती-पत्नी, मुलं किंवा आईवडील यांना मिळू शकतो, तो मागून घ्यावा. आणि २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव लावता येतं. ज्यांनी लावलं नसेल त्यांनी लावून घ्यावं, पुढची धावपळ कमी होते.

वाद तिसरा : 'गाडी भावाने दिली, पण नावावर नाही'

कायद्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (फॉर्म २९ आणि ३०). भावा-भावात व्यवहार म्हणून हे राहूनच जातं. यातून दोन्हीकडून त्रास होतो.

देणाऱ्याला त्रास : ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी २००७ मध्ये विकली होती, पुढे आणखी हात बदलले आणि अपघात २००९ मध्ये झाला. तरी भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावरच आली. मुंबईत बसलेल्या भावाने हे लक्षात ठेवावं.

घेणाऱ्याला त्रास : आरसी आपल्या नावावर झाली, पण पॉलिसी भावाच्याच नावावर राहिली, तर थर्ड पार्टीचा भाग कलम १५७ ने आपोआप नव्या मालकाकडे येतो. ओन डॅमेज मात्र येत नाही. कम्प्लीट इन्सुलेशन्स कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सुमारासच हे सांगून ठेवलं आहे. म्हणून आरसी बदलल्यावर १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्यावा.

आरसी आणि पॉलिसी दोन्ही भावाच्याच नावावर असतील आणि गाडी फक्त वापरायला दिली असेल, तर क्लेम भावानेच करायचा. १८ जून २०२० च्या निकालात नदीत पडलेल्या एका ट्रकबाबत कंपनीचं म्हणणं होतं की ट्रक आधीच विकला गेला होता. नोंदणी आणि विमा मूळ मालकाच्याच नावावर असल्याने सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. गावातल्या माणसाला धावपळ करायची असेल तर भावाने त्याला अधिकारपत्र द्यावं.

वाद चौथा : चालवणारा मुलगाच गेला, पैसे कोणाचे?

हा सगळ्यात वेदनेचा वाद, आणि इथेच लोकांना उशिरा कळतं. वडिलांची गाडी मुलगा चालवत होता, दुसरं वाहन नव्हतं, गाडी झाडावर आपटली आणि मुलगा गेला. घरच्यांना वाटतं १५ लाखांचा विमा आहे. पण तो मालक-चालकाचा आहे, आणि मुलगा मालक नव्हता.

थर्ड पार्टीतूनही मिळत नाही. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा हा मालकाच्या जागी उभा असतो, तो 'तिसरा' होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा ७ जानेवारी २०२० ला सांगितलं आहे. चूक समोरच्या वाहनाची असेल तर मात्र त्या वाहनाच्या मालकावर आणि विमा कंपनीवर दावा करता येतो.

यावर उपाय एकच, आणि तो आधी करायचा : पॉलिसी घेतानाच मालकाशिवाय गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि बसणाऱ्यांसाठी अपघात विम्याचं जादा कव्हर मागायचं, किंवा मुलाच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढायचा.

वाद पाचवा : गाडीत बसलेले घरचे

लग्नाला, देवळात जाताना गाडीत सात-आठ जण. अपघात झाला तर बसलेल्यांना भरपाई मिळते का? 'फुल' म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर खासगी गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये विमा नियामकानेही तसं परिपत्रक काढलं आहे. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर सहसा येत नाही. गाडी जुनी झाली म्हणून नुसती थर्ड पार्टी काढणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

वाद सहावा : पर्यटकांचं भाडं, पुराचं पाणी, चोरी

भाडं : मालवण-तारकर्लीत सीझनला पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडी मारणारे आहेत. खासगी पॉलिसीत भाड्याने वापर बसत नाही. तरीही क्लेम शंभर टक्के बुडतोच असं नाही. २५ मार्च २०१० च्या निकालात खासगी विमा असलेली गाडी भाड्याने वापरल्याचा मुद्दा होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने तडजोडीच्या पद्धतीने २ लाख ५० हजार रुपये देवविले. अशा अटभंगात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळण्याची वाट त्या निकालात आहे. पण ही वाट म्हणजे भाडी मारायची परवानगी नाही.

पूर : बांदा, खारेपाटणसारख्या ठिकाणी पाणी भरलं की गाडी बुडते. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं. पण पाण्यात असताना चावी फिरवून इंजिन चालू केलं आणि ते बसलं, तर तो खर्च कंपनी नाकारते, वेगळं इंजिन कव्हर नसेल तर. म्हणून बुडालेली गाडी स्टार्ट करू नये, फोटो काढावेत आणि टोचन करूनच न्यावी.

चोरी : लगेच पोलिसांत एफआयआर आणि त्याच दिवशी कंपनीला फोन. एफआयआर वेळेत असेल, तर कंपनीला कळवायला थोडा उशीर झाला एवढ्या कारणाने खरा क्लेम नाकारता येत नाही, असं २४ जानेवारी २०२० चा निकाल सांगतो. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा 'अ' समरीचा अहवाल लागतो.

पीयूसीचं काय? पीयूसी नसल्याने अपघाताचा क्लेम नाकारता येतो, हा गैरसमज आहे. नियामकाने २०२० मध्येच त्याचा खुलासा केलेला आहे.

पैसे कमी का मिळतात?

क्लेम मंजूर होऊनही हातात कमी आलं की भांडण होतं. हिशोब असा असतो : प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर ५० टक्के घसारा. काचेवर शून्य. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, दहाच्या वर ५० टक्के. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावर २,००० रुपये प्रत्येक क्लेमला आपण सोसायचे.

उदाहरणार्थ, सहा वर्षांच्या छोट्या गाडीचं बिल ८०,००० : लोखंडी भाग ४०,०००, प्लास्टिक २०,०००, काच ६,०००, मजुरी १४,०००. यातून १६,००० आणि १०,००० घसारा, १,००० सक्तीची कपात. मिळतात ५३,०००. यापेक्षा बरंच कमी मिळालं तर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागावी आणि कुठला भाग का वगळला ते विचारावं. सर्व्हेअरचा अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं आहे. झिरो डेप घेतलं असेल तर हा घसारा कापला जात नाही.

दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या किमतीच्या (आयडीव्ही) ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात.

अपघात झाल्यावर लगेच काय करायचं

- जखमींना दवाखान्यात न्यावं. मदतीला १०८ किंवा ११२.
- गाडी हलवण्याआधी चारही बाजूंचे फोटो, नंबर प्लेट आणि रस्त्याचा व्हिडिओ.
- कंपनीला त्याच दिवशी फोन, क्लेम नंबर लिहून घ्यावा.
- इजा, मृत्यू, चोरी किंवा दुसऱ्याचं नुकसान असेल तर पोलीस ठाण्यात नोंद आणि पंचनाम्याची प्रत.
- सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलू नये.
- कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. पूर्ण समाधान झाल्याशिवाय 'फुल अँड फायनल'वर तर नाहीच.

नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा आहे.

नकाराचं पत्र आलं, आता पायरीपायरीने

पायरी १ – लेखी कारण घ्या. फोनवरचा नकार धरू नये. कुठल्या अटीनुसार नाकारलं ते पत्रात पाहिजे. गलाडा पॉवर कंपनीच्या २०१६ च्या निकालाप्रमाणे पत्रात न लिहिलेलं नवीनच कारण कंपनीला नंतर कोर्टात काढता येत नाही. म्हणून हे पत्र जपून ठेवावं.

पायरी २ – कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज. ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्हीने पाठवावा. मजकूर साधा चालेल :

'पॉलिसी क्र. …, गाडी क्र. …, क्लेम क्र. … . दिनांक … च्या पत्राने माझा दावा नाकारण्यात आला. त्यात दिलेले कारण मला मान्य नाही, कारण … . सोबत कागदपत्रे जोडली आहेत. दाव्याचा फेरविचार करून सर्व्हे अहवालाची प्रत द्यावी, ही विनंती.'

पायरी ३ – नियामकाकडे तक्रार. 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ आणि १८०० ४२५४ ७३२ या टोल फ्री नंबरवर.

पायरी ४ – विमा लोकपाल. कंपनीने एक महिन्यात उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही तर इथे जाता येतं. नकारापासून एक वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. लोकपालांचा आदेश कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदाराला पटला नाही तर पुढे जाता येतं. आपल्या भागाचं कार्यालय कुठलं ते पॉलिसीसोबतच्या यादीत दिलेलं असतं. आयोगात किंवा कोर्टात केस चालू असेल तर मात्र लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम बरा.

पायरी ५ – जिल्हा ग्राहक आयोग. आपला आयोग ओरोसलाच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. भरलेल्या रकमेवर, म्हणजे इथे हप्त्यावर, फी ठरते. ५ लाखांपर्यंत फी शून्य, त्यामुळे घरच्या गाडीच्या तक्रारीला फी पडत नाही. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइनही होते. स्वतः बाजू मांडता येते. निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. शंका असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा.

इजा किंवा मृत्यूचा दावा वेगळा

अपघातात इजा झाली किंवा माणूस गेला तर भरपाईचा अर्ज ग्राहक आयोगात नाही, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो. ते ओरोसच्या जिल्हा न्यायालयात चालतं. कायद्यात यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती चुकवू नये. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, अशी तरतूद कलम १६४ मध्ये आहे. उडवून पळून गेलेल्या अज्ञात वाहनाच्या बाबतीत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

फाईलमध्ये काय ठेवायचं

पॉलिसीची पूर्ण प्रत (पहिलं पान पुरत नाही), आरसी, चालवणाऱ्याचं लायसन, हप्त्याची पावती, क्लेम फॉर्मची झेरॉक्स, फोटो, पोलिसांचे कागद, गॅरेजचं एस्टिमेट आणि बिलं, सर्व्हे अहवाल, नकाराचं पत्र, आणि पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची पोचपावती.

गणपतीला मुंबईची माणसं गावी येतात, तेव्हा आरसी आणि पॉलिसी एकदा समोर घेऊन बसावं. दोन्हीवर एकच नाव आहे का, ते माणूस हयात आहे का, आणि गाडी जे खरोखर चालवतात त्यांच्यासाठी वेगळं कव्हर आहे का, एवढं तपासलं तरी यातले बरेचसे वाद उभेच राहणार नाहीत.